पालखी वळेल एवढं घर

माणसाला आपलं घर केवढं वाटतं, हा माझ्या संशोधनाचा विषय. तो सांगितला की समोरचा हमखास विचारतो, "पण त्यासाठी टेप असते ना?" असते. माझ्या पिशवीतही एक आहे. घर किती फुटांचं आहे ते ती बरोबर सांगते, पण त्यात राहणाऱ्याला ते ऐसपैस वाटतं की अंगावर येतं, हे तिला कळत नाही. पुण्याच्या एका महाविद्यालयात इमारतींची चित्रं काढायला शिकवता शिकवता मी ह्या फरकाच्या मागे लागलो. त्यासाठीच नव्वदचं दशक सरत आलं असताना, एका शिमग्याला, महाड-पोलादपूरकडे जाणं झालं. त्या भागात आपण सहसा चहापुरते थांबतो आणि पुढे गोव्याला नाहीतर वर महाबळेश्वरला निघून जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितो आहे.

माझी पद्धत अगदी साधी. समोरच्याला मूठभर खडे द्यायचे आणि तुमचं घर जमिनीवर मांडून दाखवा म्हणायचं. कागद-पेन्सिल दिली की मोठमोठी माणसं परीक्षेला बसल्यासारखी घामाघूम होतात. खड्यांना मात्र कुणी भीत नाही. मांडून झालं की मी टेपने खरं घर मोजतो आणि दोन्हींचा मेळ कुठे बसत नाही ते बघतो. संशोधन म्हणजे एवढंच, बाकी सगळा प्रवास आणि चहा.

वीर, मग महाड

मुंबईतलं एक काम उरकून रेल्वेने वीरला उतरलो. शिमगा तोंडावर आलेला, त्यामुळे गाडीतून अर्धा तालुका उतरला. स्टेशनाबाहेरचे रिक्षावाले माणसांकडे न बघता त्यांच्या सामानाकडे बघून गिऱ्हाईक निवडत होते. माझ्या वाट्याला आलेल्या रिक्षात आधीच एक गृहस्थ मांडीवर खोका घेऊन बसले होते. साठीला टेकलेले, पांढरा सफारी, केसांना काळाभोर कलप. दासगाव येईपर्यंत ते चकार शब्द बोलले नाहीत. सावित्रीचं पात्र दिसू लागलं तसे मात्र खुलले आणि खोक्याचं झाकण उचलून मला म्हणाले, "बघा." आत दारावर लावायची बेल होती.

"चिमणीचा आवाज येतो. दादरला घेतली."

हे महादेव कदम. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात त्यांची वाडी. सारी नोकरी मुंबईत एका कंपनीच्या गोदामात गेली, नुकतेच निवृत्त झाले आणि कायमचे घरी निघाले होते. मुंबईत ते राहिले गावकीच्या खोलीत. वाडीतल्या नोकरदारांनी मिळून घेतलेली ही एकच खोली. दिवसपाळीवाले रात्री झोपणार आणि रातपाळीवाले दिवसा.

"सर, उभ्या आयुष्यात मी एकदापण दार लावून झोपलो नाय," ते म्हणाले. "कुणाचा ना कुणाचा पाय अंगावर हायेच. म्हणून गावाला आता नवीन घर बांधलं. स्लॅबचं. हॉल, किचन, दोन बेडरूम, मधी पॅसेज. खोली तितकी दारं, आणि कडी आतून."

मी माझा विषय सांगितला. टेपचा प्रश्न न विचारणारा हा मला भेटलेला पहिला माणूस. उलट ते म्हणाले, "मंग आमचंच घर बघा की. परवा देवीची पालखी येतेय. नवीन घरात पहिलीच."

महाडला माझा मुक्काम पाटणकर सरांकडे होता. हे शाळेत चित्रकला शिकवतात, घर बाजारपेठेच्या सखल भागात. सरांनी माझे खडे हातात घेतले, खाली-वर केले आणि परत दिले. "आमचं घर जमिनीवर मांडून काही उपयोग नाही," म्हणाले आणि मला भिंतीपाशी घेऊन गेले. भिंतीवर पेन्सिलीने बारीक रेघा मारलेल्या होत्या. पुराचं पाणी पहिल्या रेघेला टेकलं की पुस्तकं वर चढवायची, दुसऱ्या रेघेला तांदळाचे डबे, आणि तिसरीला आपण स्वतः माळ्यावर जायचं. "तिसरीपर्यंत घाबरायचं कारण नाही," असं त्यांनी वर सांगितलं. शेजारच्या कापडदुकानदारानेही दुकान किती लांब-रुंद आहे ते सांगितलं नाही, वरची फळी कितीवर आहे तेच सांगितलं. पुण्यात आमच्या सोसायटीत पाणी येत नाही म्हणून भांडणं होतात. इथे ते येतं, ह्या हिशेबाने माणसं घर उभं मोजतात. मी खूश झालो, पहिल्याच दिवशी एवढं हाती लागणं माझ्या नशिबात सहसा नसतं.

रात्री जेवायला वालाचं बिरडं होतं. आमच्याकडे त्याला डाळिंब्या म्हणतात आणि गूळ घालून ते पार गोडमिट्ट करून टाकतात. पाटणकरवहिनींचं बिरडं तिखट होतं, ओल्या खोबऱ्याचं. मी तीनदा वाढून घेतलं आणि तिसऱ्यांदा कुणी आग्रह केला नव्हता.

वाडीत

पोलादपूरच्या स्टँडवर एसटी माझ्या डोळ्यांदेखत निघून गेली. कंडक्टरने मला बघितलंही होतं. मग चहा, मग जीप, मग चढण. उतारावर जागोजागी भाताच्या रोपांसाठी राब भाजल्याचे काळे चौकोन आणि मध्येच एखादी लालभडक काटेसावर. वाडीचं नाव मी मुद्दाम देत नाही, लोकांना उगाच पाहुणे नकोत.

पहिल्यांदा गेलो धोंडूतात्यांकडे. पालखीचे मानकरी ते. पालखी कुठे आणि कशी बसायची ह्यात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांच्या घरात शिरताना मी काय करावं, तर ताठ मानेने ओटीवर, म्हणजे पुढच्या ओसरीवर, चढलो. इकडची जुनी कौलारू घरं छपराने पार खाली आलेली असतात आणि ओटीची पुढची तुळई बेताच्या उंचीच्या माणसाच्याही कपाळाला लागते. माझ्या लागली. असा आवाज झाला की आतून बायका बाहेर आल्या.

"झालं," तात्या समाधानाने म्हणाले. "आता घरानं तुमाला वळकलं."

तात्यांच्या सुनेने हळद लावली आणि मी टेंगूळ चाचपत खडे बाहेर काढले. तात्यांनी आधी ओटी मांडली. मांडली म्हणजे, भलीमोठी जागा मोकळी सोडली आणि मग तिच्या कडेला उरलेलं घर दाटीवाटीने बसवलं. चूल, देव्हारा, माजघर, गोठा, सगळं कोपऱ्यात. पुढच्या चार-पाच घरांतही तोच प्रकार. टेप लावली तर ओटी घराच्या पावही नाही, पण मांडताना प्रत्येकाने ती अर्धं घर व्यापेल एवढी केली. आणखी एक गोष्ट सगळ्यांनी न विचारता सांगितली. म्हादूचं, म्हणजे कदमांचं, नवं घर जुन्यापेक्षा लहान झालं.

हे मला पटेना. जुनं घर मी पाहिलेलं नव्हतं, पण त्याचं जोतं, म्हणजे पायाचा दगडी चौथरा, अजून होतं. ते मी मोजलं. नवं घर त्याच्यापेक्षा चांगलंच मोठं भरलं. तसं तात्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "आसंल. पण त्यात वळता येत नाय."

पॅसेज अरुंद असावा, असा मी अर्थ लावला आणि पुढे निघालो.

कदमांचं घर गुलाबी होतं. पुढे ग्रिल लावलेली गॅलरी, तिच्या कोपऱ्यात दार, दाराला बेल. वाडीत कुणी कुणाचं दार वाजवत नाही, हाक मारत थेट चुलीपर्यंत जातात. पण बेल आली आहे म्हटल्यावर लोक मुद्दाम येऊन ती दाबत होते आणि चिमणी बोलली की हसत परत जात होते. कदम प्रत्येक वेळी आतून येऊन दार उघडत होते. त्यांच्या चेहऱ्यावर त्रासाचं नावही नव्हतं.

त्यांच्या पत्नी, इंदुवहिनी, कधी मुंबईत राहिल्याच नाहीत. गावकीच्या खोलीत बायकांना जागा नसते. त्यांनी इथे भात लावला, नाचणी लावली, दोन मुली वाढवून त्यांची लग्नं केली. नवऱ्याला सुट्टी मिळो न मिळो, दर शिमग्याला पालखी घरात घेतली.

कदमांनी खडे मांडले ते दारांपासून. आधी सगळी दारं ठेवली, मग त्यांच्यामध्ये भिंती. वहिनींनी आधी चूल मांडली. हॉल म्हणून एकच खडा ठेवला. मग हात लांब करून, नव्या घराच्या भिंतीपलीकडे, एक ऐसपैस ओटी मांडली.

"वहिनी, हे तर घराच्या बाहेर झालं," मी म्हणालो. त्या जागी जुन्या घराचं जोतं होतं. घर पाडून लाकूड-कौलं काढून घेतली, जोतं मात्र तसंच राहिलं. कदमांना तिथे गाडी लावायला शेड करायची होती, म्हणून जांभ्या दगडाचे चिरे आणून रचून ठेवले होते. गाडी नव्हती. ती जावयाची येणार होती.

"ओटी भायेरच असते," वहिनी म्हणाल्या आणि खडे माझ्या हातात देऊन कुळीथ दळायला बसल्या.

मी वहीत त्या मांडणीपुढे प्रश्नचिन्ह टाकलं.

जेवायला नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी आणि सुकटीची चटणी. पहिल्या घासालाच वहिनींनी नवऱ्याला विचारलं, "पालखी कुठं बसवायची?"

"हॉलमधी. नवीन पाट केलाय ना."

"आत येल कशी?"

"दारातनं, गो. दुसरं कशातनं येणार?"

मग वहिनी माझ्याकडे वळल्या, बहुधा परका माणूस तरी ऐकून घेईल म्हणून. पालखी घराघरात जाते, ओटीवर बसते. घरची बाई देवीची ओटी भरते, तात्या गाऱ्हाणं घालतात, म्हणजे देवीकडे घराचं भलं मागतात. मग पालखी घरातच नाचत पुरी वळते आणि तोंड पुढे करून बाहेर पडते. उलट्या पावली तिला कधी काढत नाहीत. ज्या घरात सुतक असेल तिथे ती आत जात नाही, अंगणात थांबते आणि ओटी न घेता निघते.

"पहिल्याच वर्साला आमच्या अंगणात थांबली तर?" वहिनी म्हणाल्या. "सारी वाडी बघणार. घरात सगळी धडधाकट हायत आणि देवी सुतकाच्या घरासारखी भायेरून गेली. माझ्या हातची ओटी एक वर्स चुकली नाय, सर. हे मुंबयला होते तवापण नाय."

त्यांचा आवाज चढला नव्हता. मी देवदेव करणारा माणूस नाही, तरी हातातली भाकरी मी खाली ठेवली. टेप दिवसभर हातात असल्याने गॅलरीचं माप डोळ्यांपुढे होतंच. पालखीचा लांब दांडा सरळ गॅलरीत शिरेल, पण हॉलचं दार कोपऱ्यात आहे, तिथे काटकोनात वळावं लागेल.

"कदम," मी म्हणालो, "दांडा वळणार नाही."

"आवो सर, एवढं लोखंडी कपाट नेलं आत!"

"ते उभं करून नेलं असेल. पालखी उभी करता येत नाही."

कदम भाकरीचा तुकडा पिठीत बुडवून तसाच धरून राहिले. उभं आयुष्य दुसऱ्यांच्या पायांत झोपून काढलेल्या माणसाने प्रत्येक खोलीला दार लावलं, ह्यात त्याचं काय चुकलं? मला त्यांचा राग येत नव्हता. वहिनींकडे बघवत नव्हतं, इतकंच.

पालखी

सकाळी कदमांनी कुठूनसा एक लांब बांबू आणला. पुढचं टोक त्यांनी खांद्यावर घेतलं, मागचं मी. आम्ही दोघे गंभीरपणे गॅलरीत शिरलो. तिथून हॉलमध्ये वळताना बांबू चौकटीला अडला, मागे घेताना गुलाबी भिंतीला लांबलचक ओरखडा उठला आणि माझं कोपर बेलवर पडून चिमणी बोलली. आणखी दोनदा करून बघितलं. कदम म्हणाले ग्रिल काढतो. पण ग्रिल काढूनही कोपऱ्यातला खांब राहणार होता आणि खांबावर स्लॅब होता. शेवटी ते गॅलरीच्या पायरीवर बसले आणि भिंतीवरचा ओरखडा अंगठ्याने पुसू लागले.

वहिनी आमच्या कवायतीकडे फिरकल्या नाहीत. जोत्यावर रचलेले चिरे त्या एकेक करून काजूच्या झाडाखाली नेत होत्या. कदमांनी एकदा "कशाला गो?" विचारलं, तोवर वहिनी पुढच्या चिऱ्याला वाकल्या होत्या. मग त्यांनी ते जोतं शेणाने सारवलं. येणाऱ्या माणसांना बसायला जागा करत असतील असं मी धरून चाललो. आमच्या पुण्यात शिमगा म्हणजे पुरणपोळी आणि दुपारची झोप. इथे सणाच्या दिवशी बाईमाणूस चिरे वाहतं, ह्याचं नवल करत मी कॅमेऱ्यात रोल भरला.

दुपार कलल्यावर ढोल ऐकू आले. पालखी खालच्या घरांतून नाचत वर आली आणि कदमांच्या अंगणात शिरली. ग्रिलला झेंडूची माळ, बेलवरही एक फूल. कदम कोरं धोतर नेसून नवा पाट घेऊन हॉलच्या दारात उभे. पुढचा भोई गॅलरीत चढला. पालखी अजून पायरीच्या अलीकडेच होती, तोच पुढे आलेलं दांड्याचं टोक चौकटीपाशी थांबलं. त्याने डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. मागच्याने "घे की रे!" म्हणून आवाज दिला. पुढच्याने नुसती मान हलवली.

ढोल बंद पडले. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "अंगणातच बसवा आता." ते वाईट मनाने म्हटलेलं नव्हतं, पण कदमांच्या हातातला पाट हळूहळू खाली आला.

तेवढ्यात घराच्या मागच्या बाजूने वहिनी आल्या. हिरवं लुगडं, नाकात नथ, हातात ओटीचं ताट. नव्या दाराकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. त्या सरळ जोत्याच्या दगडी पायरीपाशी गेल्या, पायरी चढताना मान खाली घातली, आणि सारवलेल्या जमिनीवर आतल्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. मागे भिंत असती तर पाठ तिला टेकली असती.

"तात्या," त्या म्हणाल्या, "हिकडं."

सगळी वाडी तात्यांकडे बघू लागली. प्रश्न साधा होता आणि त्याचं उत्तर त्यांनीच द्यायचं होतं. हे घर की अंगण? चार बाजूंना काही नाही, वर काही नाही. अंगण म्हणाले असते तर कुणी त्यांना चूक म्हटलं नसतं. मी तर माझ्या सगळ्या नकाशांत ते अंगणच धरलं होतं.

तात्या जोत्यापाशी आले. मग त्यांनी पायरीपाशी वहाणा काढल्या. पायरी चढले, आणि पुढचं पाऊल टाकायच्या आधी मान वाकवली, आपल्या घरच्या तुळईखाली वाकवतात तेवढीच. वर निळं आभाळ होतं. ते पलीकडे गेले, ताठ झाले आणि वळून म्हणाले, "आणा रे आत."

भोयांनी दांडा खांद्यावरून हातांवर घेतला. गुडघे मोडून, पालखी खाली दाबून, त्यांनी ती नसलेल्या तुळईखालून आत नेली आणि मग पुन्हा खांद्यांवर चढवली. ढोल सुरू झाले. पालखी नाचली, पुरी वळली. वळताना दांड्याचं टोक एकदाही जोत्याच्या कडेबाहेर गेलं नाही. जुनी भिंत जिथे होती तिथे ते दर वेळी अलगद आत ओढलं जात होतं. तात्या काय वळत नाही म्हणाले होते ते आत्ता कळलं.

कदम अजून गॅलरीतच होते. पाट हातात, एका बाजूला त्यांची ती सगळी दारं. वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं, बोलावलं नाही. मग ते उतरले, अंगण ओलांडून पायरीपाशी आले. ह्या घरात ते फक्त रजेपुरते राहिलेले, पण त्यांचीही मान बरोबर त्याच जागी वाकली. त्यांनी पाट मांडला, त्यावर पालखी टेकली आणि वहिनींनी ओटी भरायला घेतली. तांदूळ, नारळ, खण.   

मी अंगणात कॅमेरा घेऊन उभा होतो. तिथून सगळं छान दिसत होतं, मध्ये काही नव्हतंच. गाऱ्हाणं संपता संपता वहिनींचं माझ्याकडे लक्ष गेलं.

"सर, भायेर का उभं? आत या की."

पायरीपाशी चपला काढल्या. कपाळावरचं टेंगूळ अजून दुखत होतं. मी मान वाकवली आणि आत गेलो.